हौसाआत्याची सही

सूसच्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो फोनच्या घंटेनं. अण्णा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, असं आई बार्शीला माहेरी गेली की सगळ्यांना ठसक्यात सांगायची, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं की जावईबापू कॉम्प्युटरवर काहीतरी अगम्य करतात. प्रत्यक्षात अण्णा कंपनीच्या गाड्यांचं बघायचे. कुठली सुमो कुणाला कुठून उचलणार, कुठला ड्रायव्हर आलाच नाही, कोण मॅडम गेटवर उभ्या राहून तापल्यात, हे सगळं निस्तरणारा माणूस म्हणजे आमचे अण्णा. फोन कंपनीनंच घरी बसवून दिला होता, त्यामुळे तो वेळ-अवेळ न बघता हक्कानं खणखणायचा. "साहेब, गाडी पंक्चर हाय," "साहेब, पाषाणच्या मॅडम खालीच उतरंनात." अण्णा गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून बोलत राहायचे आणि आई आतून ओरडायची, "त्या मॅडमना म्हणावं, आमच्याच घरी येऊन राहा, हितनंच उचलू तुम्हाला!" मग ती पाटावरची भाकरी थापायला लागायची. तो थप-थप आवाज, फोन, आणि खाली तात्यांच्या गोठ्यातल्या म्हशीचं हंबरणं, एवढं कानावर पडलं की मी आणि माझा धाकटा भाऊ अमोल अंथरुणातच एकमेकांना लाथा मारून जागं करायचो.

तात्या म्हणजे आमच्या इमारतीची जमीन ज्यांची होती ते. पूर्वी तिथं त्यांचं शेत होतं. बिल्डरला दिल्यावर त्यांनी शेजारी दुमजली बंगला बांधला, पण म्हशी काही विकल्या नाहीत, त्यामुळे बंगल्याच्या संगमरवरी पायरीवर कायम शेणाचा वास असायचा. आम्ही दूध त्यांच्याकडून घ्यायचो. दूध घालायला तात्या स्वतः यायचे, दारात उभे राहून कपभर चहा प्यायचे, आणि बार्शीहून आलेली शेंगाची चटणी हातावर घेऊन "लई झ्याक, वहिनी" म्हणत चाटून टाकायचे. गावातली माणसं आम्हाला 'फ्लॅटवाले' म्हणायची आणि आम्ही त्यांना 'गाववाले', पण तात्यांच्या दुधापुरते आम्ही सगळे एकच होतो.

संध्याकाळी अण्णा दुसऱ्या दिवशीच्या गाड्या ठरवायला बसायचे. कुणाचं घर बाणेरला, कुणाचं औंधला, कुणाचं पार कोथरूडला. एका गाडीत किती बसतील, कुणाला आधी उचललं तर सगळे वेळेत पोचतील. त्यांच्या डोक्याला त्याचा फार ताप व्हायचा. एकदा आई चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती. मी त्यातले दाणे घेऊन फरशीवर मांडले. एक दाणा एक माणूस, फरशीची रेघ म्हणजे रस्ता, टरफलं म्हणजे गाड्या. मी म्हटलं, "अण्णा, पाषाणच्या मॅडमना शेवटी घ्या, मग एक गाडी वाचते." अण्णांनी बराच वेळ फरशीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी एक गाडी खरंच वाचली. त्यानंतर ते रोज मला हाक मारायला लागले आणि आईची चटणी रोज उशिरा व्हायला लागली. अमोलचं डोकं वेगळं होतं. तो किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून काढायचा आणि आठ दिवसांनी तो मजकूर जसाच्या तसा म्हणून दाखवायचा. पाहुणे आले की आई त्याला पुढं करायची. मला पुढं करायची सोय नव्हती, कारण माझी हुशारी दाखवायला फरशी मोकळी लागायची.

आमच्या शाळेतल्या बाईंनी अण्णांना बोलावून घेतलं ते याच दिवसांत. त्यांनी सांगितलं की साताऱ्याकडच्या डोंगरात एक निवासी शाळा आहे, खास प्रज्ञावान मुलांसाठी. तिथं अभ्यासाच्या पुढचं शिकवतात. 'प्रज्ञावान' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला तो एखाद्या आजाराचं नाव असल्यासारखा वाटला. आम्ही दोघांनी चाचणी दिली. दोघांचीही निवड झाली. अण्णांनी पेढे आणले, ड्रायव्हरांना वाटले, तात्यांना दिले. आईनं डोळे पुसले आणि मग तिनंच, कुणीतरी विचारायलाच हवा होता तो प्रश्न विचारला, "पैशाचं काय?"

त्याचं उत्तर अण्णांनी आधीच शोधून ठेवलं होतं. आमच्या घराचं कर्ज एका पतसंस्थेचं होतं. त्या वेळी गावठाणालगतच्या इमारतींना मोठ्या बँका हात लावायच्या नाहीत, आणि पतसंस्थेचं व्याज असं होतं की अण्णांचा निम्मा पगार तिथंच जायचा. आता दिवस बदलले होते. ऑफिसातले लोक आपापली कर्जं मोठ्या बँकेकडे फिरवून घेत होते. हप्ता कमी व्हायचा, आणि घराच्या तारणावर वरची थोडी रक्कमही मिळायची. अण्णांचा हिशेब सरळ होता. कर्ज बँकेकडे न्यायचं, वरची रक्कम घ्यायची, आणि दोन्ही मुलांना शाळेत घालायचं. आईला कर्ज फिरवणं म्हणजे काय ते कळलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे एकाचं उचलून दुसऱ्याचं डोक्यावर घ्यायचं?" अण्णा म्हणाले, "हो, पण दुसरं हलकं आहे." त्या दिवसांत अण्णा शीळ घालत जिना चढायचे. पुढं मी त्यांची शीळ कधी ऐकली नाही.

बँकेच्या वकिलानं जमिनीची कागदपत्रं तपासली आणि तिथं माशी शिंकली. जमिनीच्या सातबाऱ्यावर तात्या आणि त्यांच्या भावाबरोबर त्यांच्या बहिणीचंही नाव होतं. वडील गेल्यावर वारस म्हणून लागलेलं. बिल्डरच्या करारावर दोघा भावांच्या सह्या होत्या, तिची नव्हती. बहिणीनं हक्कसोड पत्र करून दिल्याशिवाय, म्हणजे 'मला माझा वाटा नको' असं लिहून दिल्याशिवाय, बँक कर्ज देणार नव्हती. पतसंस्थेनं हे कधी बघितलंच नव्हतं. तिथं तात्यांचा शब्द पुरेसा होता.

अण्णा तात्यांकडे गेले तेव्हा ते हसले. मुळशीत तेव्हा बहिणींच्या सह्या ही काही मोठी गोष्ट नव्हती. जमीन विकायची ठरली की भाऊ बहिणीच्या सासरी जायचा, साडीचोळी करायचा, तिला गाडीत घालून पौडच्या कचेरीत आणायचा. ती सही करायची, भावाकडं जेवायची आणि परत जायची. सही दिली की माहेर शाबूत. पण तात्यांची ही बहीण, हौसाआत्या, अडून बसल्या होत्या. भावांनी जमीन बिल्डरला दिली तेव्हाच त्यांनी वाटा मागितला होता, आणि तेव्हापासून त्यांचं माहेर बंद होतं. हे तात्यांनी चहा पिता पिता दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. "लेकरं घ्या संगं, साहेब," ते म्हणाले. "पोरं बघून पाघळंल ती." अमोलला गाडी लागायची, म्हणून आईनं त्याला ठेवून घेतलं. मी एकटीच गेले.

तात्यांच्या जीपमधून आम्ही पौडच्या पुढं निघालो. रस्त्याच्या कडेला बाया पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. ऊन रणरणत होतं, भाताची खाचरं भेगाळून पडली होती, आणि तात्या सगळा वेळ मोबाइलवर कुणाशीतरी जमिनीच्या भावाविषयी बोलत होते. हौसाआत्यांचं घर खोऱ्यात आत होतं. कौलारू, एका बाजूची भिंत पावसानं खचलेली. नवरा वारलेला, मुलगा कुठंतरी गवंड्याच्या हाताखाली. त्या अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होत्या. भावाला बघून त्यांनी हात थांबवला नाही. मला बघून थांबवला. "ही कुनाची गं?" म्हणाल्या. मग आत गेल्या, आणि सगळ्यांआधी माझ्यापुढं तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण ठेवलं. आमच्या घरात वाळवलेली मासळी कधी यायची नाही. पण मी ते खाल्लं आणि मला ते फार आवडलं.

"हौसे, ही साहेबांची लेक," तात्या म्हणाले. "लई हुशार. मोठ्या शाळंत नंबर लागलाय. तुझ्या सहीवाचून आडलंय."

"माझ्यावाचून आडलंय व्हय? इतकी वर्सं तर कुनाचं काय आडलं न्हवतं."

अण्णा अवघडून म्हणाले, "ताई, फ्लॅट घेताना मला खरंच हे माहीत नव्हतं."

"तुमचा काय दोस न्हाई, दादा. पर तुमीच सांगा. म्या म्हनलं, एक गुंठा द्या, माझ्या नावानं. दोन खनांचं घर बांदते, ही भितडं पडायच्या आत. तर ह्यो म्हनतो, साडी घे. साडीत ऱ्हायाचं का म्या?"

"गावात कुनाची भन हिस्सा मागती?" तात्यांचा आवाज चढला. "लोक तोंडावर थुकत्यात आमच्या."

"माझ्या हिश्श्यावर ह्येंच्या मोऱ्या हायेत, त्याचं काय?" त्या म्हणाल्या, आणि अण्णांनी मान खाली घातली.

मी भाकरी खात होते आणि माझ्या डोक्यात, नेहमीच्या सवयीनं, दाणे मांडले जात होते. मी तात्यांना विचारलं, "तुम्ही भाऊ किती?" ते म्हणाले, "दोघं." मी म्हटलं, "आणि ह्या एक. मग तीन वाटे झाले. त्यातला एक ह्यांचा. ह्यांचं बरोबर आहे." मला वाटलं मी गणित सोडवलं. "स्मिता!" अण्णा एवढंच म्हणाले. तात्या उठून जीपकडे गेले. हौसाआत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. निघताना त्यांनी माझ्या फ्रॉकच्या खिशात ओंजळभर आंबेमोहोर तांदूळ ओतला. तो घरी जाईपर्यंत शिवणीतून सांडत राहिला.

परतीच्या वाटेत अण्णांनी जीप थांबवून करवंदांचा द्रोण घेऊन दिला. तात्या जीपमध्येच बसून राहिले. मला वाटलं होतं अण्णा रागावतील. ते म्हणाले, "बरोबर बोललीस तू." थोड्या वेळानं म्हणाले, "पण आता बँकेचं कसं करायचं?" आज अण्णा नाहीत. त्यांच्याबद्दल मला काय काय वाटतं ते एका दमात सांगता येत नाही, पण ती दोन वाक्यं एकापाठोपाठ बोलणारा माणूस वाईट नव्हता, एवढं मी कुणालाही सांगेन.

आठवडा गेला नसेल, तात्या दुधाची किटली घेऊन आले ते हसतच. हौसाआत्यांनी निरोप धाडला होता, सही करते. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पण पौडच्या कचेरीत अण्णा हजर होते आणि त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं ते मी ऐकलं. आत्यांनी अंगठा दिला नाही. सावकाश, वडिलांच्या नावासकट, पूर्ण नाव लिहिलं. आणि कचेरीतल्या साहेबांसमोर भावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्या ही सही ह्याच्यासाटी करत न्हाई. ती पोरगी माझ्या बाजूनं बोलली, माझ्या बापाच्या घरातलं कुनी बोललं न्हाई. तिच्या शाळंसाटी करतीया." तात्यांनी भारीतली साडी घेतली होती. आईनंही एक पाठवली होती, हिरवी, बारीक काठांची. अण्णा म्हणाले, आत्यांनी आईची साडी छातीशी धरली आणि तात्यांची गाडीत तशीच राहिली.

कर्ज फिरलं. हप्ता हलका झाला. पण वरची रक्कम अण्णांच्या हिशेबाएवढी मिळाली नाही. बँकेचा माणूस येऊन भिंतींना हात लावून गेला आणि त्यानं घराची किंमत अण्णांनी धरली होती त्याहून बरीच कमी लावली. गावातली इमारत, सोसायटीची नोंदणी नाही, असली काही कारणं. म्हणजे आता शाळेत एकच मूल जाऊ शकत होतं.

तो रविवार होता. आईनं धपाटी केली होती, सोबत दही. फोन त्या दिवशी गप्प होता. अण्णांनी धपाट्याचा तुकडा मोडला, खाल्ला नाही, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्मिता कुठंही शिकेल. तिला शाळा कुठली, यानं फरक पडत नाही. अमोलला कुणीतरी धरून बसवायला हवं, नाहीतर तो वाया जाईल." आई लगेच म्हणाली, "आणि पोरीची जात, आता हिचं वय, तिकडं डोंगरात कोण बघणार?" मला हे दोन्ही मुद्दे पटले, असं मी तेव्हा समजले. हुशार मुलीला समजावून सांगावं लागत नाही, याचं त्या दोघांना केवढं हायसं वाटलं, ते मला दिसत होतं. अमोल रडायला लागला, "मला नाही जायचं, ताईला पाठवा," म्हणून. आईनं त्याला जवळ घेतलं. मला कुणी जवळ घेतलं नाही, कारण मी रडत नव्हते. मी दुसरं धपाटं मागून घेतलं आणि ते पूर्ण खाल्लं.

'तू कुठंही शिकशील.' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. गावातल्या शाळेत शिकशील, घराजवळच्या कॉलेजात शिकशील, लग्नानंतर शिकशील. ते कौतुकच होतं, आणि मी त्याला कधी उलट उत्तर देऊ शकले नाही. आता मी त्याच फ्लॅटमध्ये गणिताच्या शिकवण्या घेते. मुलं माझ्यावर जीव टाकतात. एखादी मुलगी फळ्याकडे बघता बघता एकदम थांबते, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी जुळलेलं मला दिसतं, तेव्हा मी तिच्या आईवडिलांना बोलावून घेते आणि जरा जास्तच तावातावानं बोलते. अमोल हिंजवडीतच नोकरीला आहे. चांगला माणूस आहे. एकदा गाडीत, वाकडच्या पुलाखाली तासभर अडकलेलो असताना तो म्हणाला, "ताई, त्या शाळेत मला रोज वाटायचं की हा पलंग तुझा आहे." मी म्हटलं, "गप गाडी चालव." गाडी जागची हललेली नव्हती.

मला सांगायचंय ते पुढल्या वर्षीच्या जत्रेचं. सूसच्या जत्रेला गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात, आणि बऱ्याच वर्षांनी तात्यांच्या घरी हौसाआत्या आल्या होत्या. सही दिली होती ना. तात्यांनी मांडव घातला होता, फ्लॅटवाल्यांनाही जेवायला बोलावलं होतं. मटणाचा आणि भाताचा वास सगळ्या गल्लीत भरून राहिला होता, देवळाकडून ढोलांचा आवाज येत होता, आणि मांडवाच्या कडेला माहेरवाशिणींचा घोळका बसला होता. मी हौसाआत्यांना लांबूनच बघितलं. अंगावर आईची हिरवी साडी होती. मी वळून घरी पळणार, तोच त्यांनी हाक मारली, "ए माझे बाय, हिकडं ये!"

मला त्यांनी जवळ ओढून घेतलं. त्यांच्या हाताला तांदळाचा कोंडा लागल्यासारखा खरखरीतपणा होता. "वाळलीस गं. हॉस्टेलात खायाला देत्यात का न्हाई? जत्रंची सुट्टी दिली व्हय?" म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्यांना ते लाजणं वाटलं. त्यांनी शेजारच्या बायांना कोपरानं ढोसलं. "हीच ती. माझ्या सहीवर शिकतीया. सायबाची हाय, पर माझी बी हाय. भावानं दिला न्हाई गुंठा, तर न्हाई. माझा गुंठा हिच्या डोक्यात हाय." बाया माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "मोठ्या शाळंत इंग्रजी शिकवत्यात न्हवं? बोल की गं काय तरी." आत्यांचा चेहरा असा उजळला, की त्या चेहऱ्यासमोर मला काहीही करता आलं असतं, खरं बोलणं सोडून. "बोल, बोल, बाय माझे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाटी बोल."

मी हात मागं बांधले, शाळेत बाईंपुढं उभं राहतात तशी उभी राहिले, आणि मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत मोठ्यांदा बोलले, "माय नेम इज स्मिता. आय गो टू द व्हिलेज स्कूल. माय ब्रदर गोज टू द बिग स्कूल. आय ॲम सॉरी."

बायांनी टाळ्या वाजवल्या. हौसाआत्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि डोळ्यांतलं पाणी त्या हिरव्या पदरानं पुसलं. माझ्या मागं, पंगतीला वाढायला भाताची परात घेऊन, अण्णा उभे होते. त्यांना इंग्रजी कळत होतं.